गोळीमागची गोळी

२०२५ साल संपता संपता केंद्र सरकारने निमेसुलाइड या वेदनाशामकाच्या शंभर मिलिग्रॅमहून अधिक मात्रेच्या, पोटात घ्यायच्या गोळ्यांवर बंदी घातली. कारण दिले ते यकृताला असलेल्या धोक्याचे. बारा वर्षांखालच्या मुलांना हे औषध देण्यावर २०११ सालीच बंदी आली होती. मोठ्यांच्या वाट्याला एवढासा निर्णय यायला आणखी चौदा वर्षे जावी लागली. बातमी आली आणि गेली. तिच्यावर कोणी वाद घातल्याचे माझ्या तरी वाचनात आले नाही.

त्याच वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या विषारी औषधाने वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतल्या अनेकांवर शेवटचे उपचार आपल्या नागपुरात झाले. त्या बातमीने देश हादरला, आणि हादरायलाच हवा होता. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली ज्या रसायनाने चौदा रुग्णांचा बळी घेतला, तेच रसायन चाळीस वर्षांनी पुन्हा बाटलीत सापडते, ही लाज वाटण्यासारखीच गोष्ट आहे. जे. जे. प्रकरणात न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग तरी बसला. भेसळीच्या औषधासाठी आयोग बसतो, अटक होते, अग्रलेख लिहिले जातात. मला लिहायचे आहे ते ज्याच्यासाठी आयोग बसत नाही त्या औषधाबद्दल. औषध अस्सल, कंपनी नामांकित, मात्रा बरोबर, मुदत शिल्लक, चिठ्ठीवर डॉक्टरांची सही. आणि तरीही ते घेणाऱ्याचे आतडे आतून सोलून निघते आहे.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त शिक्षक राहतात. वय चौऱ्याहत्तर. गुडघ्यांसाठी दोन वर्षे रोज डायक्लोफिनॅक, हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली छोट्या मात्रेतली अ‍ॅस्पिरिन, आणि ‘या गोळ्यांनी पित्त होऊ नये म्हणून’ सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्रॅझोल. गेल्या पावसाळ्यात त्यांना दुसरा मजला चढताना धाप लागू लागली. घरचे म्हणाले, वय झाले. चेहरा पांढरट दिसतो म्हणून ओळखीच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. लोहाने शौचाला काळे होते हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे शौचाला काळे होऊ लागले तेव्हा कोणालाच काही वाटले नाही. महिन्याभरात मास्तर न्हाणीघरात कोसळले. हिमोग्लोबिन सहाच्याही खाली. वरून दुर्बीण घालून जठर पाहिले, स्वच्छ. खालून मोठे आतडे पाहिले, तेही स्वच्छ. शेवटी कॅमेरा बसवलेली कॅप्सूल गिळायला दिली, तेव्हा लहान आतड्यात जागोजागी व्रण दिसले. तिथून महिनोन्‌महिने थेंबथेंब रक्त जात होते.

“पण पोटात कधी दुखलं नाही हो,” मास्तर मला म्हणाले. दुखणार कसे? रोज वेदनाशामक पोटात जात होते.

या कथेत दोषी कोणाला ठरवायचे? हृदयाच्या डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन दिली ती योग्यच. अस्थिरोगतज्ज्ञांनी पंधरा दिवसांसाठी गोळी दिली होती. चिठ्ठीवर तसे लिहिलेही होते. ती पुढे दोन वर्षे मिळत राहिली ती कोपऱ्यावरच्या दुकानातून. पॅन्टोप्रॅझोल देणाऱ्याने काळजीच घेतली होती. लोह देणाऱ्याला रक्त कमी दिसले म्हणून त्याने लोह दिले. मी आयुष्यभर बँकेत काम केले. प्रत्येक व्हाउचर नियमाला धरून आणि तरी संध्याकाळी ताळा जमत नाही, असे प्रसंग आमच्याकडे येत. पण तिथे ताळा जमेपर्यंत घरी जायची मुभा नसे. मास्तरांच्या गोळ्यांचा ताळा करणे हे कोणाचेच काम नव्हते.

ही औषधे आतड्याला नेमके काय करतात, हे काही गूढ राहिलेले नाही. बायर कंपनीने अ‍ॅस्पिरिन बाजारात आणली १८९९ साली. ती वेदना कशी थांबवते हे कळायला १९७१ साल उजाडले. लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवून दिले की, शरीरात वेदना आणि सूज निर्माण करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होण्याचेच अ‍ॅस्पिरिन थांबवते. या कामासाठी त्यांना १९८२ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पंचाईत अशी की, हीच द्रव्ये जठराच्या आणि आतड्याच्या अस्तराची राखणही करतात. त्यांच्यामुळे अस्तरावर बुळबुळीत थर राहतो, त्याला रक्तपुरवठा होतो, झीज भरून निघते. गुडघ्यातली द्रव्ये बंद करायला निघालेली गोळी पोटातलीही बंद करते. ब्रुफेन घ्या, डायक्लोफिनॅक घ्या, अ‍ॅसिक्लोफिनॅक घ्या. कमीअधिक फरकाने हिशेब तोच.

मग तोडगे निघाले. गोळीला असे आवरण चढवा की ती जठरात न विरघळता पुढे आतड्यात विरघळेल. किंवा जठरातले आम्लच कमी करणारी दुसरी गोळी जोडीला द्या. जठरापुरते हे तोडगे उपयोगी आहेत. आम्ल कमी करणाऱ्या गोळीने वेदनाशामकामुळे होणारे जठरातले व्रण खरोखरच कमी होतात. पण लहान आतड्यात मुळात आम्ल नसतेच, मग तिथे ती गोळी कोणाला आवरणार? आवरण घातलेली गोळी तर आपला ऐवज नेऊन उघडते तीच तिथे. शिवाय डायक्लोफिनॅकसारखी औषधे रक्तात गेल्यावर यकृतातून पित्तावाटे पुन्हा आतड्यात उतरतात, म्हणजे एकाच गोळीचा मार अस्तराला पुन्हा पुन्हा बसतो. इंग्लंडमध्ये इंडोमेथासिन हे वेदनाशामक हळूहळू झिरपवणारी एक नव्या धाटणीची गोळी ‘ऑस्मोसिन’ या नावाने मोठ्या गाजावाजाने आली. काही रुग्णांच्या आतड्यांना भोके पडल्यावर १९८३ साली ती मागे घ्यावी लागली.

लहान आतडे हा वीस फुटी अंधारा बोगदा. गिळायचा कॅमेरा २००१ च्या सुमारास वापरात येईपर्यंत तिथे फारसे कोणी डोकावू शकत नव्हते. डोकावल्यावर जे दिसले ते पाहून तज्ज्ञही चमकले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी पाहणीत नियमित वेदनाशामके घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के लोकांच्या लहान आतड्यात इजा आढळली. न घेणाऱ्यांमध्ये १० टक्के. यातल्या बहुतेक इजा किरकोळ असतात आणि औषध थांबले की भरून येतात, हेही सांगितले पाहिजे. पण म्हातारपण, जोडीला अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे दुसरे औषध, नाहीतर स्टेरॉइड, असे योग जुळले की किरकोळ हा शब्द गळून पडतो. आणि हे योग आपल्या घरोघरी जुळलेले आहेत.

बँकेत ‘सस्पेन्स’ नावाचे एक खाते असते. एखादी रक्कम कुठली, कशाची, हे उमगले नाही की ती तात्पुरती तिथे टाकायची, आणि खुलासा होताच बाहेर काढायची. चांगला तपासनीस शाखेत आला की आधी हे खाते उघडायला लावतो, कारण आळशी शाखेची सगळी अडगळ तिथे सापडते. मराठी माणसाच्या शरीरव्यवहारात ‘पित्त’ आणि ‘गॅस’ ही दोन सस्पेन्स खाती आहेत. पोटात जे काही होते ते तिथे टाकले जाते आणि बाहेर कधीच काढले जात नाही. मधुमेहाच्या अनेक गोळ्यांत व्होग्लिबोज असते. ते पिष्ट पचू देत नाही, न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, पोट फुगते. आजोबा म्हणतात गॅस. नातू ओव्याचा अर्क आणतो. मेटफॉर्मिनने काहींना जुलाब होतात. घरात चर्चा होते ती हॉटेलातल्या पनीरची. ट्रॅमाडॉलसारख्या अफूच्या कुळातल्या वेदनाशामकाने आतड्याची हालचाल मंदावते, बद्धकोष्ठ होते. मग येते चूर्ण. पोट साफ होणे हा आपल्याकडे आरोग्याचा नव्हे, जवळजवळ चारित्र्याचा प्रश्न असल्यामुळे सोनामुखीचे चूर्ण वर्षानुवर्षे घेतले जाते. आयुर्वेदिक म्हणून निर्धास्त! सोनामुखीच्या दीर्घ वापराने मोठ्या आतड्याचे अस्तर काळवंडते आणि अतिरेक झाला तर शरीरातले पोटॅशियम घटते, हे त्या डबीवर कोणी वाचत नाही.

काही उदाहरणे तर डॉक्टरांनाही चकवणारी असतात. रक्तदाबावरचे ओल्मेसार्टन हे आपल्याकडेही चांगले खपणारे औषध. २०१२ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी बावीस रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. सगळ्यांना महिनोन्‌महिने जुलाब, वजनात मोठी घट. लक्षणे गव्हातल्या ग्लुटेनने होणाऱ्या रोगासारखी, पण गहू बंद करून उपयोग शून्य. ओल्मेसार्टन थांबवल्यावर ते बरे झाले. रक्तदाबाची गोळी आणि जुलाब यांचा संबंध कोण लावणार? हा त्रास विरळाच, पण तो औषध सुरू झाल्यावर महिन्यांनी, कधी वर्षांनी उद्भवतो, म्हणून ‘नवे काय सुरू केले?’ हा नेहमीचा प्रश्न तिथे उपयोगी पडत नाही.

औषधाचा त्रास हाच नवा रोग समजून त्यावर पुन्हा औषध द्यायचे, हा प्रकार कोणत्या थराला जाऊ शकतो ते जपानने दाखवले. क्लायोक्विनॉल हे जुलाबावरचे औषध. ‘एन्टरोव्हायोफॉर्म’ या नावाने जगभर खपलेले, प्रवासाला निघताना लोक सहज जवळ ठेवत असे. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून जपानमध्ये एक चमत्कारिक रोग दिसू लागला. आधी पोटात दुखायचे, मग पाय बधिर व्हायचे, काहींची दृष्टी जायची. डॉक्टरांना वाटले विषाणू असावा. रुग्णांना वाळीत टाकल्यासारखे वागवले गेले, काहींनी जीव दिला. १९७० साली काही रुग्णांची जीभ आणि लघवी हिरवी होते हा धागा हाती लागला. तो हिरवा रंग क्लायोक्विनॉलचा निघाला. निगाता विद्यापीठाचे प्राध्यापक तादाओ त्सुबाकी यांनी औषध आणि रोग यांचा संबंध मांडला, त्याच वर्षी सप्टेंबरात जपानने विक्री थांबवली आणि नवे रुग्ण येणे झपाट्याने थांबले. तोवर सुमारे दहा हजार माणसे बाधित झाली होती. यातला सर्वांत भयंकर तपशील वेगळाच आहे. औषधामुळे पोटात दुखू लागले की डॉक्टर ते मूळ आजाराचेच लक्षण समजत, आणि क्लायोक्विनॉल चालू ठेवत किंवा वाढवत.

हे वाचून जपानी डॉक्टरांना नावे ठेवण्याआधी आपल्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानात पाच मिनिटे उभे राहावे. ‘लूज मोशन होतायत’ असे सांगणाऱ्या माणसाच्या हातात ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडॅझोल यांची एकत्र गोळी पडते. एक प्रतिजैविक जिवाणूंसाठी, दुसरे अमिबासाठी. जुलाब कशाने होतात हे शोधायला नको, दोघांवरही एकदम नेम. वास्तविक बहुतेक साध्या जुलाबांना मीठ-साखर-पाणी आणि दोन दिवसांचा धीर एवढेच पुरते. प्रतिजैविक मात्र आतड्यातल्या उपकारक जिवाणूंची वस्ती उठवते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा उपद्रवी भाडेकरू पसरतो. प्रतिजैविकांनंतर होणारी मोठ्या आतड्याची गंभीर सूज या जिवाणूमुळे होते हे १९७८ साली सिद्ध झाले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली आणखी एक इशारा दिला: आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये या जिवाणूच्या जुलाबाचा धोका वाढलेला असू शकतो. म्हणजे साखळी पाहा. गुडघ्यासाठी वेदनाशामक, त्याच्या पित्तासाठी पॅन्टोप्रॅझोल, पुढे कधी जुलाब झाले तर प्रतिजैविक, आणि त्यातून पुन्हा जुलाब. चार गोळ्या, चार दुकाने, आणि प्रत्येक दुकानदाराला दिसतो तो साखळीचा एकच दुवा.

कायदे नाहीत असे नाही. डायक्लोफिनॅक काय, निमेसुलाइड काय, चिठ्ठीशिवाय विकायला मनाई असलेल्या परिशिष्ट एच मध्येच आहेत. नोंदणीकृत फार्मासिस्टनेच औषध द्यावे असे १९४८ चा कायदा सांगतो. त्याने रुग्णाला औषधाची माहिती द्यावी, असे २०१५ च्या नियमावलीने सांगितले. २०१६ साली केंद्राने ३४४ जोडगोळ्यांवर एकदम बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या, बंदी उठली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन, पुन्हा तपासणी होऊन २०१८ मध्ये त्यांतल्या ३२८ बाद झाल्या. २०२४ मध्ये आणखी १५६ गेल्या. त्यांत अ‍ॅसिक्लोफिनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅम ही एक जोडी होती. मात्रा बदलून तीच जोडी बाजारात आहेच. आपल्या राज्यात महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी दुकानात फार्मासिस्ट हजर असलाच पाहिजे, असा आग्रह धरला, तेव्हा विक्रेत्यांनी बंद पुकारले होते. कायद्यात आधीपासूनच असलेली गोष्ट पाळायला लावली म्हणून बंद! आजही औषधाच्या बिलावर डॉक्टरांच्या नावाच्या रकान्यात पुष्कळदा ‘सेल्फ’ छापलेले असते. ही पळवाट नव्हे, छापील कबुली आहे.

मात्र सगळा दोष दुकानदाराच्या माथी मारून मोकळे होणे मला पटत नाही. नोकरीत काही वर्षे मी एका तालुक्याच्या गावी होतो; शाखा मार्केट यार्डासमोर. तिथले हमाल सकाळी चहाबरोबर एक गोळी घेत. गोळीचे नाव त्यांना माहीत नसे, रंग माहीत असे. शंभर किलोचे पोते उचलणाऱ्याला अस्थिरोगतज्ज्ञ काय सांगणार? पाठीला विश्रांती द्या. विश्रांतीच्या दिवसाची मजुरी कोण देणार, हे त्या चिठ्ठीत लिहिलेले नसते. दोन-तीन रुपयांची गोळी त्याला उभा ठेवते आणि संध्याकाळी घरी चूल पेटते. या माणसापुढे आतड्याच्या अस्तराची चर्चा करताना मला संकोच वाटतो. त्याचे हिमोग्लोबिन कोणी मोजलेले नसते, आणि तो कोसळतो तेव्हा गावात दारूकडे बोट दाखवले जाते. शहरी पेन्शनर आणि हा हमाल यांच्या गोळ्या एकच. फरक इतकाच की, मास्तरांना कॅप्सूलचा कॅमेरा गिळता आला.

डॉक्टरांचेही ऐकायला हवे. सरकारी बाह्यरुग्ण विभागात माणसामागे दोन-तीन मिनिटे मिळतात. तेवढ्यात चालू असलेल्या नऊ गोळ्यांची उलटतपासणी कोण करणार? नवी गोळी लिहायला अर्धा मिनिट लागतो, जुनी थांबवायला अर्धा तास: ती कोणी दिली, का दिली, थांबवल्यावर काही झाले तर जबाबदारी कोणाची. दुसऱ्या तज्ज्ञाने दिलेल्या औषधाला हात लावायचा नाही, असा एक अलिखित शिष्टाचारही असतो. आणि हे वाचून कोणी उद्या सकाळी आपणहून गोळ्या बंद करू नयेत. हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाने अ‍ॅस्पिरिन परस्पर थांबवणे जिवावर बेतू शकते. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तेच. थांबवायचे काय, बदलायचे काय, हे सगळी यादी समोर ठेवून जाणकारानेच ठरवले पाहिजे.

औषधाचा त्रास कळवायची सरकारी यंत्रणाही आहे. भारतीय औषधदक्षता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, त्याचे केंद्र गाझियाबादला आहे. साध्या नागरिकाला भरता येईल असा त्याचा अर्ज मराठीतही आहे, आणि १८००-१८०-३०२४ हा विनामूल्य दूरध्वनीही. मास्तर घरी आल्यावर मी तो अर्ज त्यांच्याकडून भरून घेतला. ‘कोणत्या औषधामुळे त्रास झाला असे वाटते?’ या रकान्यापाशी ते थांबले. त्यांच्या पिशवीत नऊ पाकिटे होती. कात्रीने कापल्यामुळे चारांवरची नावे गेलेली, दोनांत एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी. म्हणजे पॅन्टोप्रॅझोल ते दुप्पट घेत होते.

आता मुद्द्याचे. दर नोव्हेंबरमध्ये राज्यातले लाखो पेन्शनर हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत येतात. हल्ली तो घरबसल्या मोबाइलवरूनही देता येतो, पण म्हातारी माणसे अजून शाखेत येतातच; चार जुने चेहरे भेटतात म्हणून. येताना त्यांनी आपली औषधांची पिशवी बरोबर आणावी. आज जिल्ह्याजिल्ह्यात औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींनी, आपल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली, त्या पिशवीतल्या गोळ्यांची एका कागदावर यादी करावी: औषधाचे मूळ नाव, कधीपासून, कोणी दिले, किती दिवसांसाठी दिले होते. एकच औषध दोनदा येत असेल, वेदनाशामक आणि अ‍ॅस्पिरिन एकत्र असेल, तिथे लाल खूण करावी. तो कागद घेऊन पेन्शनरने आपल्या डॉक्टरांकडे जावे. याला नवा कायदा लागत नाही, केंद्राची मंजुरी लागत नाही. दोन टेबले, चार खुर्च्या आणि शाखाधिकाऱ्याची परवानगी लागते. मी काम केलेल्या शाखेच्या व्यवस्थापकांना तसे पत्र दिले आहे. पेन्शनर संघटनेने टेबलांची सोय करायचे कबूल केले आहे. मार्केट यार्डातल्या हमालांसाठी असेच काही त्यांच्या आठवडी सुट्टीच्या दिवशी करता येईल का, हे विचारायला मी माथाडी मंडळाच्या कार्यालयात जाणार आहे.